टर्मिनल चकाचक, पण बॅकअपचं काय?

फ्लाइट लेट झाली की आपण विमान कंपनीला नावं ठेवतो. पण दरवेळी दोष तिचाच असतो असं नाही. 7 नोव्हेंबर 2025 ला दिल्लीत फ्लाइट प्लॅन कंट्रोलरपर्यंत पोहोचवणारी यंत्रणाच बिघडलेली होती. धावपट्ट्या शाबूत होत्या. पण कंट्रोलरना ते काम हाताने करावं लागलं, वेग मंदावला आणि 800 हून जास्त फ्लाइट्स रखडल्या. आपली कोकण रेल्वे आठवा ना! एकेरी मार्गावर एक गाडी अडकली, की मागच्या सगळ्या क्रॉसिंगला उभ्या.

आता रत्नागिरीतही टर्मिनल उभं राहतंय. मित्रांनो, उद्घाटन कधी, एवढंच विचारून थांबू नका. यंत्रणा बंद पडली तर बॅकअप आहे का, हेही विचारा. सेल्फी टर्मिनलसमोर छान येईल. पण इंटरव्ह्यूला वेळेत पोहोचवेल तो बॅकअपच.