टॅबवरचा रियाज आणि कानांचा हिशेब

गाणे ऐकणारा आणि गाणे करणारा, या दोघांच्या कानांवर पडणारा भार सारखा नसतो. ऐकणारा तास-अर्ध्या तासात हेडफोन काढून ठेवतो. टॅबवर चाल बांधणारा, तानपुरा-तबल्याच्या अ‍ॅपबरोबर रियाज करणारा किंवा एकच कडवे पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून तपासणारा मात्र तीन-चार तास तो कानाला लावून बसतो. तरीही टॅब घेताना घरात चर्चा होते ती पडद्याची, मेमरीची आणि किमतीची. त्याला हेडफोन जोडायचा कसा, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि मोबाइलच्या दुकानात टांगलेल्या स्वस्तातल्या अ‍ॅडॉप्टरवर मिटतो. तो इतक्या सहज मिटवणे कानांच्या दृष्टीने बरे नाही.

हेडफोनची ३.५ मिलिमीटरची पिन जगभर पसरली ती १९७९ मध्ये आलेल्या सोनीच्या वॉकमनमुळे. पुढची चार दशके कोणताही हेडफोन कोणत्याही यंत्रात खुपसला की काम होत असे. २०१८ मध्ये आयपॅड प्रोवरून ही जागा गेली, २०२२ मध्ये साध्या आयपॅडच्या नव्या आवृत्तीवरूनही गेली. सॅमसंगच्या महागड्या टॅबनीही २०१९ पासून हीच वाट धरली. आता उरले यूएसबी-सीचे एकच छिद्र. चार्जिंगही त्यातूनच आणि वायरचा आवाजही त्यातूनच. त्यामुळे बहुतेकांनी ब्लूटूथचा सोपा मार्ग स्वीकारला.

ऐकण्यासाठी ब्लूटूथ उत्तम आहे. अडचण सुरू होते ती वाजवताना. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज आधी आक्रसला जातो, हवेतून पाठवला जातो आणि मग पुन्हा उलगडला जातो. यात साधारणपणे १०० ते २५० मिलिसेकंद जातात. हा उशीर किती मोठा? ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे मैदानाच्या एका टोकाला पेटी आणि जवळजवळ ७० मीटरवर दुसऱ्या टोकाला वाजवणाऱ्याचे कान. दहा-बारा मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक वादकांना जाचत नाही; त्यापुढे हात अडखळू लागतात. चित्रपट पाहताना टॅब चित्रच थोडे थांबवून आवाजाशी जुळवून घेतो. वाजवणाऱ्याची बोटे अशी थांबवता येत नाहीत.

अशा वेळी माणूस साहजिकच आवाज वाढवतो. स्वतःचा गळा किंवा वाद्य कानावर आधी पडते, हेडफोनमधला आवाज मागून येतो आणि मागून येणारा वरचढ व्हावा म्हणून व्हॉल्यूमची पट्टी वर सरकते. कुणी एक कान मोकळा ठेवून गातो. तोही मार्ग फसवा आहे. तोच आवाज दोन कानांनी ऐकला तर मोठा भासतो, एकाच कानाने ऐकला तर कमी. ती कसर भरून काढण्यासाठी झाकलेल्या कानातला आवाज वाढतो. वर पंखा, शेजारचा मिक्सर आणि रस्त्यावरचे हॉर्न असतातच.

आता आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे प्रौढांसाठी सुरक्षित मात्रा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास आहे, तर मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० आणि ८९ ला अवघे पाच. रोज चार तास, आठवड्यातून सहा दिवस काम करणाऱ्याचे २४ तास होतात. त्याने आवाज ८२ डेसिबलच्या आसपास ठेवला, तर तो मर्यादेच्या काठावर राहतो. तोच ८८ वर गेला, तर आठवड्याची मात्रा दुसऱ्या दिवशीच संपते. कानाला मात्र हा सहा डेसिबलचा फरक ‘जरासा मोठा’ एवढाच वाटतो.

आतल्या कानात, शंखासारख्या वळणदार नळीत, सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. ध्वनीची कंपने मेंदूला कळतील अशा संदेशात बदलणे हे त्यांचे काम. माणसात या पेशी एकदा मेल्या की नव्याने उगवत नाहीत. मोठ्या आवाजाचा पहिला घाला बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. बोलणे व्यवस्थित ऐकू येते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची आणि झांजेच्या झंकाराची धार बोथट होऊ लागते. दीर्घ रियाजानंतर कानाला दडे बसणे किंवा रात्री कानात सूं आवाज येणे हा इशारा असतो. सकाळी बरे वाटले, म्हणजे सारे भरून आले असे समजू नये.

मग वायर लावली की प्रश्न सुटला का? अर्धाच सुटला. उशीर जातो, पण ध्वनीची पातळी काय असेल, हे अ‍ॅडॉप्टरवर ठरते. बोटभर लांबीच्या या तुकड्यात अंकांचे विद्युतलहरीत रूपांतर करणारी चिप असते. काही स्वस्त तुकड्यांत ती नसतेच आणि असे तुकडे अनेक टॅबवर मुकेच राहतात. चिप असली तरी प्रत्येक अ‍ॅडॉप्टर किती व्होल्ट बाहेर देतो, ते वेगळे आणि तेवढ्या व्होल्टला प्रत्येक हेडफोन किती मोठा वाजतो, तेही वेगळे. एकाच पट्टीवर एक हेडफोन कुजबुजतो, तर दुसरा किंचाळतो. टॅबमध्ये मोठा आवाज आपोआप कमी करण्याची सोय असली, तरी अनोळखी अ‍ॅडॉप्टर आणि अनोळखी हेडफोन यांच्या जोडीबाबत त्याचा डेसिबलचा आकडा हा अंदाजच असतो. माइकसाठी ऑडिओ इंटरफेस जोडला, तर हेडफोनचा आवाज त्याच्याच गोल बटणावर चालतो. तिथे टॅबची मर्यादा सहसा पोहोचत नाही. गुरू-शिष्य एकाच टॅबला दुहेरी पिन लावून ऐकतात, तेव्हा दोघांचे हेडफोन वेगळे असतील, तर एकाला बेताचा वाटणारा आवाज दुसऱ्याला घातक ठरू शकतो.

‘आवाज किती ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे,’ असे म्हणणारे आहेत. तत्त्व बरोबर आहे. पण ठरवायला माहिती हवी. औषधाच्या पाकिटावर मात्रा छापलेली असते, पंख्यावर वॅट लिहिलेले असतात. अ‍ॅडॉप्टरच्या पाकिटावर मात्र ‘हाय-फाय’ आणि ‘एचडी साउंड’ यांपलीकडे फारसे काही सापडत नाही. युरोपीय संघात २०१३ पासून खिशातल्या संगीतयंत्रांना ८५ डेसिबलच्या पुढे जाताना इशारा द्यावा लागतो आणि १०० डेसिबलची कमाल मर्यादा पाळावी लागते. आपल्याकडेही अ‍ॅडॉप्टरवर जास्तीत जास्त व्होल्टेज आणि आत चिप आहे की नाही, हेडफोनवर त्याची संवेदनशीलता एवढे तरी छापणे सक्तीचे व्हायला हवे. यात उत्पादकाचा खर्च शाईपुरताच आहे.

कायदा होईपर्यंत संगीतवर्गांनी स्वतःपुरता नियम करायला हरकत नाही. टॅबवर शिकवायचे असेल तर वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यावा. तो बाहेरचा गोंगाट अडवतो, म्हणून कमी आवाजात भागते. वर्गात सगळ्यांना एकाच जातीचे हेडफोन आणि अ‍ॅडॉप्टर द्यावेत, म्हणजे व्हॉल्यूमची पट्टी कुठवर न्यायची ते एकदाच ठरवता येते. इंटरफेसवर थेट ऐकण्याची सोय असते, ती वापरली तर गळा टॅबमधून फिरून न येता तत्क्षणी ऐकू येतो. पिन जोडताना-काढताना हेडफोन कानावर नसावा आणि बटण शून्यावर असावे. चार्जर लावल्यावर घरघर आली, तर ती आवाजाखाली दाबू नये. चार्जर काढून काम करावे. तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे सोडावेत. रियाज बहुतेक वेळ स्पीकरवर, मंद आवाजात करावा आणि हेडफोन बारकावे तपासण्यापुरता ठेवावा. रोज काही तास हेडफोन लावणाऱ्याने वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी.

सतार जुनी झाली तर जवारी काढून घेता येते, तबल्याला नवी पुडी बसवता येते. केसपेशींसाठी असा कारागीर अजून कुठे नाही. त्यामुळे टॅबच्या किमतीत चांगला हेडफोन आणि नीट पारखलेला अ‍ॅडॉप्टर धरूनच खर्चाचे गणित मांडावे. तेवढ्यात बसत नसेल, तर टॅब एक पायरी स्वस्त घ्यावा.