तालमीची वही

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की आठवी-नववीतल्या मुलांच्या घरी वाक्यांची घोकंपट्टी सुरू होते. आई पोळ्या लाटता लाटता समोरच्या पात्राची वाक्ये म्हणते, आजोबा प्रेक्षक होतात. महिनाभर तालमी चालतात, प्रयोग अर्ध्या तासात संपतो. बक्षीस मिळते किंवा मिळत नाही, आणि मागे उरतो तो एक फोटो. मूल कुठे अडखळले, कशाने घाबरले, काय शिकले, हे कुणी विचारत नाही आणि काही दिवसांनी त्यालाही आठवत नाही.

यावर उपाय आहे तो एका साध्या वहीचा. तालमीहून आल्यावर दहा मिनिटे बसून त्यात लिहायचे, एवढेच.

हा उपाय नवा नाही. थोर रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी, १८७७ साली, घरच्या हौशी प्रयोगांपासून आपल्या कामाबद्दल टिपणे लिहायला सुरुवात केली. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर स्थापन झाले, कीर्ती आली, तरी वही सुटली नाही. १९३६ साली इंग्रजीत आलेले त्यांचे अभिनयावरचे प्रसिद्ध पुस्तकही कोस्त्या नावाच्या एका काल्पनिक विद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या रूपात आहे. हा कोस्त्या रात्री उशिरापर्यंत घरी ऑथेल्लोची तालीम करतो, चेहऱ्याला चॉकलेट आणि लोणी फासतो आणि सकाळी उठायला उशीर झाल्यामुळे सगळ्यांना ताटकळत ठेवतो. ही फजिती तो वहीत प्रामाणिकपणे उतरवतो. तिथूनच त्याचे शिक्षण सुरू होते.

पण 'आजचा अनुभव लिहा' असे सांगितले, तर मूल 'खूप मजा आली' एवढेच लिहून वही मिटते. म्हणून प्रश्न नेमका हवा. भूमिका मिळाल्यावर विचारावे : हे पात्र रंगमंचावर येण्यापूर्वी कुठे होते? त्याला नेमके काय हवे आहे आणि ते मिळवण्याच्या आड कोण येते? त्याच्या जागी मी असतो, तर काय केले असते? यातला शेवटचा 'जर-तर' स्तानिस्लावस्कींच्या शिकवणीचा कणाच आहे.

तालमीच्या दिवसांत विचारावे : आज कुठले वाक्य खरे वाटले आणि कुठले नुसते पाठ म्हटले गेले? समोरचा बोलत असताना मी ऐकत होतो, की माझ्या वाक्याची वाट पाहत होतो? कुणाच्या मदतीमुळे माझा प्रवेश सुधारला? प्रयोगानंतर : वाक्य विसरले तेव्हा कुणी सावरून घेतले? पुन्हा संधी मिळाली, तर कोणती एक गोष्ट बदलेन?

ज्यांना मुख्य भूमिका मिळाली नाही, जी मुले पडदा ओढतात किंवा विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करतात, त्यांना तर ही वही हवीच. हवी ती भूमिका दुसऱ्याला मिळाल्याचे दुःख या वयात लहान नसते. 'त्यात काय एवढं!' असे म्हणून ते जात नाही. कागदावर उतरले की थोडे हलके होते. शिवाय विंगेतून जे दिसते, ते रंगमंचावरून दिसत नाही. तेही लिहिण्यासारखे असते.

मात्र एक सावधगिरी हवी. रडण्याचा प्रसंग वठावा म्हणून 'तुझ्या आयुष्यातली सर्वांत दुःखद घटना लिही' असे शाळकरी मुलाला सांगू नये. घरातला मृत्यू, आईवडिलांची भांडणे, कुणी दिलेला त्रास, या जखमा नाटकासाठी उकरायच्या नसतात. स्वतः स्तानिस्लावस्कींनीही अखेरच्या वर्षांत आठवणींपेक्षा पात्राच्या शारीरिक कृतींवर अधिक भर दिला. दुःखी माणूस पाण्याचा पेला कसा उचलतो, याचे निरीक्षण मुलाला पुरेसे आहे.

वही कोण वाचणार, हे शिक्षकांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. ज्या पानाची घडी घातली आहे ते वाचायचे नाही, असा नियम ठेवता येतो. शुद्धलेखनाचे गुण मात्र कापू नयेत. लाल शाई दिसली की मूल खरे लिहिणे सोडून छान लिहू लागते. पालकांनी तर चोरून वाचूच नये. मूल आपणहून दाखवील तेव्हा शांतपणे वाचावे. एखादी काळजीची गोष्ट कळली, तर रागावू नये. आधी मुलाचे पूर्ण ऐकून घ्यावे आणि गरज पडल्यास शिक्षकांची किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी.

शाळेतल्या नाटकात काम करणारी सगळीच मुले पुढे नट होत नाहीत. पण आपले कुठे चुकले हे स्वतःशी कबूल करणे आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे, या दोन सवयी ज्याला लागल्या, त्याचा तो महिना वाया गेला नाही, असे खुशाल समजावे.