घरोघरीं गणित : उत्तर सांगण्याची घाई

शाळेंत रीत आधीं शिकवितात व उदाहरण मागाहून देतात. व्याजाचा धडा संपला म्हणजे व्याजाचींच उदाहरणें येणार, हें मुलास पक्कें ठाऊक असतें. त्यामुळें गणित सोडविणें म्हणजे शिकलेल्या रीतींत आंकडे भरणें, अशी त्याची समजूत होऊन बसते. ऑलिंपियाडच्या नांवानें जे प्रश्न ओळखले जातात, त्यांत हा क्रम उलटा असतो. प्रश्न समोर असतो. रीत ज्याची त्यानें शोधावयाची.

या प्रश्नांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९५९ सालीं रुमानियांत सुरू झाली. भारताचा संघ १९८९ पासून तींत उतरूं लागला व १९९६ सालीं ती मुंबईस भरली. रोज तीन प्रश्न व साडेचार तास, याप्रमाणें दोन दिवस परीक्षा चालते. म्हणजे एका प्रश्नास सरासरीनें दीड तास ! आपल्या घरीं मुलगा अगर मुलगी एकाच उदाहरणापुढें दीड तास बसून राहिली, तर वडील माणसें काय म्हणतील, याचा विचार वाचकांनीं मनाशीं करावा.

पहिल्या वर्षाचा पहिलाच प्रश्न पाहा. अंश २१क्ष + ४ व छेद १४क्ष + ३. क्षच्या जागीं कोणतीही धन पूर्ण संख्या घातली, तरी अंश व छेद यांस १ वांचून सामाईक विभाजक नसतो, हें सिद्ध करावयाचें. मूल आधीं १ घालून पाहतें : २५ व १७. मग २ घालतें : ४६ व ३१. खरें दिसतें, परंतु हजार वेळां करून पाहिलें तरी तो अनुभव झाला, सिद्धता नव्हे. आतां असें पाहा : एखादी संख्या दोहोंसही नि:शेष भागत असेल, तर ती त्यांच्या वजाबाकीस, म्हणजे ७क्ष + १ यासही भागेल, म्हणून त्याच्या दुपटीस, १४क्ष + २ यासही भागेल. छेद याहून एकानेंच मोठा आहे. तेव्हां तिनें एकासही भागलें पाहिजे, आणि अशी संख्या १ खेरीज दुसरी नाहीं. मसावि काढण्याची शाळेंतील भागाकाराची रीत ती हीच. येथें ती न सांगतां आठवावी लागते, एवढेंच.

दुसरा प्रश्न बुद्धिबळाच्या पटाचा. कर्णाच्या दोन टोकांचीं दोन घरें कापून टाकलीं, तर ६२ उरतात. लगतचीं दोन घरें झांकणाऱ्या ३१ पट्ट्यांनीं हा पट पुरता झांकतां येईल काय ? पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून हा खेळ घरीं अवश्य मांडावा. मुलें तासभर पट्ट्या फिरवितील, आणि प्रत्येक वेळीं शेवटीं एकमेकांस न लागणारीं घरें उरतील. येथें खरी परीक्षा वडील मंडळींची आहे. “रंगाकडे पाहा” हे दोन शब्द अगदीं जिभेवर येतात, ते गिळावे. सारें मर्म त्या दोन शब्दांतच आहे. पट्टी कशीही ठेवा, ती एक काळें व एक पांढरें घर झांकते. म्हणून ३१ पट्ट्यांस ३१ काळीं व ३१ पांढरीं घरें हवींत. कापलेलीं दोन्ही घरें मात्र एकाच रंगाचीं; उरलीं ३० व ३२. जमणें अशक्य ! आपल्याकडील जुन्या कापडी पटावर घरांस दोन रंग नसत. तसा पट पुढें असता, तर रंग द्यावे हें सुचणें हीच निम्मी सिद्धता ठरली असती.

भूमितींत हेंच काम एखादी जादा रेषा करते. सरळ वाहणाऱ्या नदीच्या एकाच तीरावर दोन गांवें आहेत. एका गांवाहून निघून, नदीवर घागर भरून, दुसऱ्या गांवीं कमींत कमी चालून पोंचावयाचें आहे. दुसरें गांव आरशांतल्याप्रमाणें तीरापलीकडे तितक्याच अंतरावर आहे असें कल्पावें, व तेथवर सरळ रेषा काढावी. ती तीरास जेथें छेदील, तेथें घागर बुडवावी.

पलीकडचें गांव प्रश्नांत नव्हतें, रंग नव्हते, वजाबाकीही कोणी सांगितली नव्हती. हें बाहेरून आणणें हेंच या विद्येचें सार आहे. आयतें सांगितलेलें उत्तर मुलाच्या ध्यानांत राहील. परंतु आणण्याची संवय त्यास लागणार नाहीं.

परीक्षेच्या वर्षीं एवढा वेळ कोठून काढावा, असें कोणी म्हणेल. तें खोटें नाहीं. शाळेच्या परीक्षेंत झपाटाही लागतोच. म्हणून आठवड्यास एकच प्रश्न पुरे. “उत्तर आलें का ?” असें न विचारतां “काय काय करून पाहिलेंस ?” असें विचारावें. मूल फारच अडलें, तर उत्तर न देतां प्रश्न लहान करून द्यावा : चारच घरांचा पट घे, त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे काप, आणि काय होतें तें पाहा.

या महिन्याचा प्रश्न : पंगतीस सहा पाहुणे आहेत. कोणत्याही दोघांची परस्परांशीं ओळख असेल वा नसेल. त्यांत सर्वस्वीं परस्परांच्या ओळखीचे तिघे, अथवा परस्परांस मुळींच न ओळखणारे तिघे, निघालेच पाहिजेत, हें सिद्ध करा. पाहुणे पांचच असतील, तर हें खरें राहतें काय, तेंही पाहा. उत्तर पुढील अंकीं. तोंवर घरांत ज्यास तें प्रथम सुटेल, त्यानें मौन पाळावें.