‘दुबार मतदार’: कॉम्प्युटर एकच माणूस दोनदा लिहू देतोच कसा?

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांनी महाराष्ट्राला एक शब्द पाठ करून दिला, ‘दुबार मतदार’. १ नोव्हेंबर २०२५ रोजी विरोधी पक्षांनी मुंबईत मोर्चा काढला, तो मतदार याद्यांमधल्या घोळावरूनच. पुढे राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारका छापल्या. मुंबई महापालिकेच्या प्रारूप यादीत सुमारे १ कोटी ३ लाख मतदारांमध्ये अशा नोंदी जवळपास ११ लाख निघाल्या.

यावर सोशल मीडियावर हमखास येणारी कमेंट म्हणजे, ‘रेल्वेची एक सीट दोघांना मिळत नाही (आरएसी सोडा), एका ईमेलवर दोन अकाउंट उघडत नाहीत, मग मतदार यादीतच एक माणूस दोनदा कसा?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र ‘सॉफ्टवेअर भंगार आहे’ इतकं सोपं नाही.

ईमेलच्या बाबतीत काय होतं?

अकाउंटची माहिती एका टेबलमध्ये, म्हणजे रकाने आणि ओळी असलेल्या तक्त्यात साठवलेली असते. ईमेलच्या रकान्याला ‘युनिक’ असा नियम लावला की तोच ईमेल दुसऱ्या ओळीत शिरूच शकत नाही. डेटाबेस नोंद परत फेकतो. हा नियम थेट टेबललाच लावावा लागतो. अनेक ॲप आधी ‘हा ईमेल आहे का?’ असं विचारतात आणि ‘नाही’ आलं की नोंद करतात. पण एकाच क्षणी दोन फॉर्म सबमिट झाले तर दोघांनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळतं आणि दोन्ही नोंदी आत जातात. गेटवर वॉचमन ठेवून भागत नाही, कुलूप दारालाच हवं.

आता मतदार यादीकडे येऊ. इथे दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि व्हायरल पोस्टमध्ये त्यांची सर्रास खिचडी होते.

नंबर एक, माणसं दोन

फेब्रुवारी २०२५ मध्ये ममता बॅनर्जी यांनी आरोप केला की पश्चिम बंगालमधल्या मतदारांचे ओळखपत्र क्रमांक इतर राज्यांतल्या मतदारांनाही दिलेले आहेत. असे समान क्रमांक असल्याचं भारत निवडणूक आयोगाने मान्य केलं. तीन अक्षरं आणि सात आकडे असलेला हा क्रमांक पूर्वी प्रत्येक राज्य आपापल्या यंत्रणेतून द्यायचं आणि काही राज्यांनी एकच मालिका वापरली. म्हणजे ‘युनिक’चा नियम राज्यापुरता पाळला जात होता. सगळा डेटा देशपातळीवरच्या ‘ईरोनेट’ या एका प्रणालीत आल्यावर टक्कर उघड झाली. समान क्रमांक म्हणजे बोगस मतदार नव्हे, नाव, मतदारसंघ, मतदान केंद्र वेगळंच असतं, हा आयोगाचा खुलासा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. यावर नवा क्रमांक देणं हाच इलाज, आणि आयोगाने तो तीन महिन्यांत करू असं मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं.

माणूस एक, नंबर दोन

खरी डोकेदुखी ही आहे. इथे क्रमांक वेगवेगळे असतात, त्यामुळे डेटाबेसला दोन्ही नोंदी निर्दोष दिसतात. नियम कुठल्या रकान्याला लावणार? नावाला लावला तर कोल्हापूर जिल्ह्यातले संजय पाटील एकाच नावावर मतदान करतील. नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख एकत्र धरली तरी आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जून जन्मतारीख असलेली माणसं घरटी एक तरी सापडतात.

उलट बाजूने, एकच बाई माहेरच्या यादीत वडिलांच्या नावाने आणि सासरच्या यादीत नवऱ्याच्या नावाने असेल तर कॉम्प्युटरला त्या दोन व्यक्ती वाटतात. लिपीचीही गंमत आहे. ‘ॲलिस’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये एकाच अक्षराने लिहिता येतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेससाठी ते वेगळे शब्द.

मग साम्य शोधणारं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. ते ‘बहुतेक तीच व्यक्ती’ एवढंच सांगू शकतं. या ‘बहुतेक’वर थेट नावं खोडली तर काय होतं? डिसेंबर २०१८ मध्ये तेलंगणात मतदानाच्या दिवशी अनेकांना यादीत नावच सापडलं नाही. त्यात बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टाही होत्या. दुबार नाव राहिलं तर बूथवर ते पकडण्याची एक संधी असते. चुकून खोडलेल्या नावाला त्या दिवशी काहीच करता येत नाही. म्हणून मला तरी दोन तारकांचा मार्ग कमी धोक्याचा वाटतो. तसंही विधानसभेच्या यादीतून नाव वगळण्याचा अधिकार राज्य आयोगाला नाही. तारका असलेल्या मतदाराला कुठे मतदान करणार हे विचारायचं आणि उत्तर मिळालं नसेल तर मतदान केंद्रावर हमीपत्र घ्यायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

आधार जोडा, असं अनेक जण सुचवतात. पण ते ऐच्छिक आहे, त्यामुळे ज्या रकान्यात काहींचीच माहिती आहे त्यावर सगळ्यांसाठी नियम उभा राहत नाही.

दुबार नोंद तयार कुठे होते?

मुख्यतः घर बदलताना. २०२२ पर्यंत दुसऱ्या मतदारसंघात गेल्यावर नवा मतदार भरतो तोच फॉर्म ६ भरावा लागायचा. जुनं नाव वगळलं जाणं मतदाराने जुना पत्ता कळवण्यावर आणि एका कार्यालयाने दुसऱ्याला सांगण्यावर अवलंबून होतं. आता स्थलांतरासाठी फॉर्म ८ आहे. त्यात जुनीच नोंद नव्या पत्त्यावर हलते, नवी ओळ तयार होत नाही. डेटाबेसच्या भाषेत ‘इन्सर्ट’ऐवजी ‘अपडेट’. तरीही पुण्या-मुंबईत भाड्याच्या घरात आलेले कित्येक जण आजही फॉर्म ६ भरतात, कारण सोसायटीत शिबिर लावणारा कार्यकर्ता तोच हातात देतो.

तुमचं नाव गावाकडेही असेल तर फॉर्म ६ भरू नका. त्यात ‘माझं नाव इतरत्र नाही’ अशी घोषणा असते आणि ती खोटी दिल्यास लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन नोंदी आधीच झाल्या असतील तर नको असलेली वगळण्यासाठी फॉर्म ७ आहे. तो ऑनलाइन भरता येतो.