ऐंशीच्या आकड्यामागील गुरू

पहिल्या महायुद्धातील वैमानिकांचा विषय निघाला, की वर्गातील एखादा चुणचुणीत विद्यार्थी तत्काळ उभा राहतो आणि जर्मनीच्या मान्फ्रेड फॉन रिख्टहोफेनचे नाव घेतो. आपले विमान लाल रंगविणाऱ्या या योद्ध्याने शत्रूची ८० विमाने पाडली, हेही तो सांगतो. आकडा खरा आहे. परंतु ज्याने त्याला हवाई युद्धाचे धडे दिले, त्या गुरूचे नाव विचारले असता वर्गात शांतता पसरते. आमच्या मते, ही शांतता विचार करावयास लावणारी आहे.

त्या गुरूचे नाव ओस्वाल्ड बोल्के. १८९१ साली हाल शहराजवळ एका शाळाशिक्षकाच्या घरी त्याचा जन्म झाला. दम्याचा विकार असूनही तो वैमानिक झाला. १९१५ मध्ये विमानाच्या फिरत्या पंख्यातून नेमक्या वेळी गोळ्या सोडणारी मशीनगन जर्मनांच्या हाती आली आणि आकाशात द्वंद्वयुद्धे सुरू झाली. बोल्केने केवळ शौर्यावर भिस्त न ठेवता या युद्धाचे शास्त्र बनविले. सूर्य पाठीशी ठेवावा, अगदी जवळ गेल्यावाचून गोळी झाडू नये, शत्रूच्या प्रदेशावर असताना परतीची वाट विसरू नये, एकाच शत्रूच्या मागे अनेकांनी लागू नये, असे त्याचे आठ नियम होते. १९१६ च्या सप्टेंबरात, आपले नवे पथक तयार होईपर्यंत, तो एकटाच लढावयास जाई आणि परत येऊन शिष्यांना शिकवी. १७ सप्टेंबरला त्याने त्यांना प्रथम युद्धात नेले. त्याच दिवशी रिख्टहोफेनला पहिला विजय मिळाला.

पुढे जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी बोल्के आणि त्याचा सहकारी एर्विन ब्योमे हे दोघे एकाच इंग्रज विमानाच्या मागे लागले. अकस्मात दुसरे विमान आडवे आले. ते चुकविताना दोघांच्या विमानांची टक्कर झाली आणि बोल्के मृत्यू पावला. २१ एप्रिल १९१८ रोजी रिख्टहोफेन एका नवशिक्या वैमानिकाचा पाठलाग करीत शत्रूच्या फळीवर फार खाली उतरला आणि मारला गेला. दोघेही अवघे पंचवीस वर्षांचे होते. नियम घालून देणारा आणि ते शिकणारा, दोघांनाही ऐन विजयाच्या भरात नियमाचा विसर पडला. नियम पाठ असणे वेगळे आणि मन आवरणे वेगळे, हे आम्हां शिक्षकांनीही ध्यानी धरावे.

कोणी म्हणेल, की युद्धात शत्रूची विमाने पाडणे हेच वैमानिकाचे कर्तव्य. मग आकड्याचा अभिमान का धरू नये? कर्तव्य आम्हीही नाकारीत नाही. तथापि रिख्टहोफेन आपल्या विजयांसाठी चांदीचे पेले करवून घेत असे, आणि अशा प्रत्येक पेल्यामागे बहुधा कोणातरी मातेचा पुत्र होता, हे विसरून कसे चालेल? शिक्षकाने उत्तम शिकविले, शिष्य उत्तम शिकला; परंतु ती विद्या होती माणसे मारण्याची. हा विचार आम्हांस अस्वस्थ करतो.

बोल्केच्या नावावर ४० विजय आहेत. पण १९१५ मध्ये फ्रान्समध्ये एक मुलगा कालव्यात बुडत असता, हा शत्रूपक्षाचा अधिकारी अंगावरील कपड्यांनिशी पाण्यात उतरला आणि त्याने त्याला वाचविले. त्याच्या मृत्यूनंतर इंग्रज वैमानिकांनी या शूर व उदार शत्रूसाठी विमानातून पुष्पचक्र टाकले. विजयांच्या यादीत त्या मुलाची नोंद नाही. विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेसाठी ऐंशीचा आकडा अवश्य पाठ करा. परंतु आदर्श निवडताना त्या कालव्याकाठी क्षणभर थांबा, एवढेच आमचे सांगणे आहे.