लक्ष आणि अक्षर

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, गणितातही त्याची गती चांगली होती. परंतु लिहिलेले वाचणे त्याला जमत नसे. स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल होई. सर्व शिक्षण तोंडी असते, तर शाळेत हाच सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याचे शिक्षक म्हणत. या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. तिचा आळसाशी वा मंदबुद्धीशी काही संबंध नाही. अक्षर व ध्वनी यांची सांगड अशा मुलांच्या मेंदूत सहजासहजी बसत नाही.

१९२४ साली हान्स बर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने मानवी मेंदूतील सूक्ष्म विद्युत्‌लहरी प्रथम टिपल्या. आज डोक्याला पट्टी बांधून त्या टिपता येतात आणि त्यांच्या योगे संगणकावरील खेळ चालविता येतो. मन एकाग्र झाले की पडद्यावरचा चेंडू पुढे सरकतो. भंगले की थांबतो. असे खेळ डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी रचावेत, असा विचार पुढे आला आहे. कल्पना मोहक खरी; परंतु तीत एक धोका आहे.

ही पट्टी लक्षाचा केवळ अंदाज करते. वाचन तिला मोजता येत नाही. ज्याला एक ओळ वाचताना इतरांहून अधिक कष्ट पडतात, त्याचे लक्ष आधीच पणाला लागलेले असते. ‘लक्ष दे’ हे शब्द तर तो रोजच ऐकतो. तेच आता यंत्रानेही ऐकवावेत काय? हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

म्हणून अक्षर व ध्वनी यांची सांगड हाच खेळाचा गाभा असावा. फिनलंडमध्ये तयार झालेल्या ‘ग्राफोगेम’ या खेळात मूल ध्वनी ऐकते व त्याचे अक्षर निवडते. त्यासाठी डोक्याला काही बांधावे लागत नाही. मराठी खेळ रचणाऱ्याने मराठीच्याच अडचणी ध्यानी घ्याव्यात. ‘कि’ या अक्षरात वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार मागून होतो. जोडाक्षरांची गुंतागुंत तर निराळीच. मेंदूच्या लहरींचा उपयोग करावयाचाच, तर मूल थकले आहे काय हे ओळखून खेळ संथ करण्यासाठी करावा. त्यांवरून गुण मात्र देऊ नयेत.

भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने या अडचणीची दखल घेतली आहे. वर्गानेही ती घ्यावयास हवी. वाचताना एखादा सोबती अडखळला, तर त्याला हसू नये. त्याची ओळ पुरी होईपर्यंत थांबावे. एवढे करण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.