आग आकस्मिक कधी असते?

फाल्गुन लागला की आमच्या हिंगोलीकडचं आभाळ येड्यासारखं वागतं. पहाटे गोधडी लागते, दुपारी डांबर पाघळतं आणि दिवस कलला की कुठूनसं वावधान उठतं. पत्रे उडतात. कधी गारा, कधी नुसतीच वीज. वसमतकडं शिजवलेली हळद खळ्यावर पसरलेली असते. चार थेंब पडले की मालक ओरडत सुटतो आणि ताडपत्री ओढायला आपलीच माणसं पळतात.

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चात गारपिटीनं मराठवाड्यातलं उभं पीक झोपवलं. पंचनामे झाले. पंचनामा सातबारा बघून होतो. ज्याच्या नावावर वावर नाही त्याचं काय गेलं, ते लिहायला तलाठ्याच्या कागदावर रकाना नाही. काढणीची बुडालेली मजुरी म्हणजे नुकसान नव्हे! दादासाहेब गायकवाडांनी १९५९ला आणि १९६४ला भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले. १९९१ला शासन निर्णय निघाला, १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमाला लावू म्हणून. आज कित्येक गायरानकरी तेच वावर कसतात आणि सातबाऱ्यावर अजून सरकार आहे. त्यांचं पीक भिजो की जळो, सरकारी कागदावर ते उगवलेलंच नसतं.

याच दिवसांत आगीची भीती. हिंगोली जिल्ह्यात जंगल थोडं. कळमनुरी, औंढ्याकडं डोंगरउतारावर सागाचा पाला गळून पडतो, गवत वाळून कुरकुरीत होतं, कुणी धुरा पेटवतो आणि वारा ती आग घेऊन निघतो. पण आगीचं जंगलावाचून अडत नाही. तिला पऱ्हाटी पुरते, तुराट्यांचा कूड पुरतो, कडब्याची गंजी पुरते. आता पत्रे आले, घरकुलं आली. तरी पत्र्याखाली सरपण आहेच, आणि पोरांची दप्तरं आहेत.

आणि वारा. दोस्तांनो, हे नीट ध्यानात घ्या. मराठी मुलखातल्या बहुतेक गावांत महारवाडा पूर्वेला. कारण इकडचा वारा जास्त करून पश्चिमेचा. गावावरून वाहून तो आपल्याकडं यावा, आपल्यावरून गावाकडं जाऊ नये. ज्यांनी गावं बसवली त्यांना हवामानाचं शास्त्र आपल्या वेधशाळेच्या आधी येत होतं. उन्हाळ्यातल्या दुपारी पश्चिमेचा झोत सुटला की गावाकडच्या गंजीची ठिणगी पडणार कुठं? ज्या हिशेबानं आपला विटाळ टाळला, त्याच हिशेबानं त्यांची आग आपल्या दारात येते. पाणी मात्र तसं येत नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७चा, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावरचा. त्याला शंभर वर्षं होत आली, तरी वस्ती पेटली तर बादली कुठल्या हिरीवर टाकायची, हा प्रश्न पुष्कळ गावांत विचारून बघा. बंब तालुक्याहून निघणार. तो पोचेपर्यंत विझवायला काय उरतं?

आता उपग्रह आहेत. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आग टिपतं आणि वनखात्याच्या माणसाच्या मोबाईलवर इशारा धाडतं. त्यातल्या एका यंत्राची नजर ३७५ मीटरची. म्हणजे एवढ्या चौकोनात कुठंतरी जळतंय, इतकं त्याला कळतं. आपली अख्खी वस्ती अशा एका चौकोनात मावते. धुरा पेटला की वस्ती पेटवली, हे त्याला वरून दिसत नाही. ते खाली ठरतं, पोलीस ठाण्यात.

ठाण्यात जळिताची नोंद होते. आकस्मिक जळीत. चुलीची ठिणगी, विडीचं थोटुक, शॉर्टसर्किट, ऊन फार होतं साहेब. मी म्हणत नाही की प्रत्येक ठिणगीमागं पाटलाचं पोरगं शोधा. चुलीनं पेटलेली घरं आहेत, तारा घासून जळालेले कडबे आहेत. पण उन्हाळ्यात लावलेली आग आकस्मिक म्हणून खपवायला लई सोपी असते. हवामान फुकटचा साक्षीदार. त्याची उलटतपासणी होत नाही.

म्हणून १९७८ आठवा. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात. वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ला. ऐन पावसाळा होता, रानं चिखलात होती, आणि मराठवाडाभर वस्त्या जळाल्या. भिजलेलं छप्पर आपोआप पेटत नसतं. त्याला रॉकेल लागतं, काडी लागते, काडी लावणारा लागतो. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना जाळून मारलं. त्याआधी बिहारात बेलछी, २७ मे १९७७. त्याआधी तामिळनाडूत किळवेनमणी, २५ डिसेंबर १९६८, एका झोपडीत ४४ माणसं. मे, ऑगस्ट, डिसेंबर. यातला उन्हाळ्याचा महिना एकच.

अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा ३० जानेवारी १९९०ला लागू झाला. दलिताचं राहतं घर नासवण्यासाठी आग लावली तर त्यात जन्मठेप आहे. पण पहिल्या कागदावरच आकस्मिक लिहिलं गेलं की त्या कलमापर्यंत पोचता पोचता चपला झिजतात. तेव्हा राख गार व्हायच्या आत ठाण्यात जायचं. वारा कुठला होता, आधी कोणता कोपरा पेटला, आदल्या दिवशी कुणाशी कशावरून वाजलं होतं, हे सांगायचं, लिहून घ्यायला लावायचं, नक्कल मागायची.

गोदीत राबणाऱ्याला १४ एप्रिल ही तारीख दोन कारणांनी पाठ असते. १९४४च्या १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाज पेटलं. कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं, एकाच जहाजात. दुपारी धूर दिसला, चारच्या सुमाराला जहाज फुटलं. तेव्हा मेलेल्या अग्निशमन जवानांसाठी हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, पुढं आठवडाभर प्रात्यक्षिकं होतात. शाळांत होतात, कचेऱ्यांत होतात. जयंतीच्या आठवड्यातच बंब दारात येणार असेल तर तो वस्तीत का येऊ नये? हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या पोरांनी नगरपालिकेला आत्ताच अर्ज द्यावा. मंडपाचं कापड, वायरी, कडक ऊन, गर्दी, सगळं तिथं आयतं असतं.

जयंतीला गावी जाणाऱ्यांनी आणखी एक काम करावं. वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला आहे, उन्हाळ्यात पाणी किती पावलांवर आहे आणि कुणाचं आहे, गंज्या कुठं रचतात, मागचं जळीत कधी झालं आणि ठाण्यात काय म्हणून नोंदलं, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून लिहून आणा. पोस्टकार्डावर चालेल. पुढच्या अंकात छापू. स्वतःचं नाव द्यायची भीती वाटत असेल तर देऊ नका, गावाचं मात्र खरं लिहा.